मिठाचं बंदर

"मग पहिली वखार घालायची तरी कुठं?" भार्गव शेट्येनं विचारलं.

अंतोबा खाडीकडं बघत बसले होते. त्यांनी ऐकलं की नाही, कळेना.

बंदरपटाचा खेळ भार्गवला त्यांनीच शिकवलेला. निळं कापड, त्यावर काढलेली बंदरं आणि कवड्यांची गलबतं. पहिल्या चालीला प्रत्येकानं एका बंदरात आपली वखार घालायची, मग माल द्यायचा-घ्यायचा. ज्याच्याकडं जास्त गलबतं लागतील तो जिंकला.

शिष्य भलताच हुशार निघाला. पहिल्याच चालीत मिठाचं बंदर धरायचा आणि समोरच्याला चिमूटभर मीठ मिळू द्यायचा नाही. जिंकायची खोड त्याच्यात लोणच्यासारखी मुरली होती.

आता गावात त्याच्यासमोर कुणी बसत नसे. पट उलगडला की सख्ख्या भावालाही नेमकं काहीतरी काम आठवे. हे त्यानं हसत हसत सांगितलं खरं, पण त्याला ते लागलं होतं. उरले होते एकटे अंतोबा, आणि त्यांना त्यानं अजून हरवलं नव्हतं.

"मांड," अंतोबा म्हणाले.

दुपार कलली होती. खाडीवर धुकट ऊन पसरलं होतं. पाणी कुठं संपतं आणि पटाचं निळं कुठं सुरू होतं, नीट समजत नव्हतं. कवड्या जागच्या जागी डुलताहेत असं वाटत होतं.

भार्गवनं सवयीनं मिठाच्या बंदरात वखार ठेवली.

अंतोबांनी आपली ठेवली ती एका उजाड बेटावर. तिथं गोड्या पाण्याची विहीर तेवढी काढलेली होती. मग त्यांनी हात पुढं केला.

"मीठ दे."

"बदल्यात?"

"घागरभर पाणी."

भार्गव हसला. "पाण्याच्या भावात मीठ? मी तेवढा खुळा नाही."

अंतोबांचा हात तसाच राहिला...

"तुझे वडील सकाळी दुकान उघडतात," अंतोबा म्हणाले. "पहिलंच गिऱ्हाईक कमी भावात मागतं. तेव्हा काय करतात ते?"

भार्गवला ते ठाऊक होतं. दिवसाची पहिली विक्री म्हणजे भवानी. पडत्या भावात का होईना, वडील माल देत आणि आलेलं नाणं कपाळाला लावत. भवानीच्या गिऱ्हाइकाला रिकामं पाठवू नये, हे तो कळायला लागल्यापासून ऐकत आला होता.

"ते दुकान झालं," तो म्हणाला. "हा खेळ आहे."

"बरं."

अंतोबांनी हात मागं घेतला आणि पटाची घडी घालायला सुरुवात केली. बंदरं एकेक करून मिटत गेली. भार्गवची वखार कलंडून त्याच्या मांडीत पडली.

"मी... जिंकलो?" त्याचा आवाज बारीक झाला.

"जिंकलास की. आता माझ्याशीही खेळायचं कारण उरलं नाही."

खाडीतून एक होडी आवाज न करता गेली. क्षणभर वाटलं, ती पटावरूनच सुटून निघाली आहे. भार्गवला एकाएकी फार एकटं वाटलं.

"पुन्हा मांडूया," तो म्हणाला. "पहिली चाल कोणती तेवढं सांगा. तशीच खेळेन."

अंतोबा पट काखेत मारून उठले.

"ती आली होती रे तुझ्या दारात... तू परत पाठवलीस."