उभा बैल

"बस म्हनतोय! त्या डॉक्टरला म्हनावं, तूच बस तुझ्या फिरत्या खुर्चीत! सटवाजी बसनार न्हाई!"

डॉक्टर कवाच तालुक्याला माघारी गेला व्हता. ऐकाय व्हता फकस्त गुरू, म्हातारा गेनूबाबा. त्यो आपला बांधावर बसून वांग्याच्या वाफ्यात पानी सोडत व्हता.

सटवाजीनं मठातल्या लिंबाखाली उभं ऱ्हायाचं व्रत धरलं व्हतं. शिवरात्रीपतूर बूड टेकायचं न्हाई. झोप आली तर फांदीला टांगलेल्या फळीवर छाती टेकायची, बास. पाय सुजून केळीच्या बुंध्यागत झालं व्हतं. पोटरीवर निळ्या शिरा उठल्या व्हत्या, गांडुळागत. बायाबापड्या त्या शिरांना हळदकुकू लावायच्या. घोट्यापाशी जखम चिघळली व्हती, तिलाबी कुकू. सटवाजी वरनं बघायचा आन् फुगायचा.

"काय म्हनला डॉक्टर?" बाबानं इचारलं.

"रगात खाली साचलंय म्हनं. वर चढंना. असाच उभा ऱ्हायलो तर पाय कापाय लागंल... कापू दे! ऱ्हायल्याल्या पायावर उभा ऱ्हाईन!"

बाबा हासला न्हाई. उठला.

समोरच्या हिरीवर रहाट चालू व्हता. बैल सवयीनं आपला आपला गोल फिरत व्हता, भरल्या पोहऱ्यांची माळ वर येत व्हती. बाबानं जाऊन जू धरलं.

बैल थांबला.

पाटातलं पानी बारीक झालं... तुटलं. भरली माळ हिरीत तशीच लोंबकळत ऱ्हायली. ती माघारी फिरू नये म्हनून लावल्याला लाकडी अडसर कुरकुरला.

बाबानं जू सोडलं न्हाई.

सटवाजी हाडाचा शेतकरी. त्याला कुठलं ऱ्हावतंय!

"आवं, बैल कशापायी थांबिवला? वांगी तापत्यात!"

"हिरीत पानी न्हाई व्हय?"

"हाय की, गळ्याइतकं! असून काय चाटायचंय? बैल चालंल तवाच वर येतंय! आन् भरली माळ अशी टांगून ठिवू नगा. अडसर मोडंल, समदं माघारी हिरीत जाईल. एवढंबी कळंना व्हय तुमास्नी?"

"कळतंय की."

बाबा लिंबाखाली आला. बैल हाकायची शिमटी हातात व्हती. तीच त्यानं सटवाजीच्या पोटरीवर टेकवली, हळूच. सुकल्यालं कुकू खाली सांडलं.

सटवाजीनं खाली वाकून आपल्या सुजल्याल्या पोटरीकडं बघितलं.

मग म्हनला, "जागा सोडली तर लोक हासतील, बाबा. म्हनतील, सटवाजीनं व्रत मोडलं."

"महादेवाम्होरं काय बोलला व्हतास?"

"बसनार न्हाई."

बाबानं शिमटी त्याच्या मुठीत कोंबली.

"मग बसू नगंस. बैल हाक."