खिचडीची विद्याशाखा

विद्यापीठाच्या खुल्या दिवसाला आठवडाच उरला होता. त्या दिवशी अभ्यासक्रम बघायला येणाऱ्या मुलाला एकाच गटात नाव नोंदवता येणार होतं, म्हणून त्रेसष्ट अभ्यासक्रमांचे गट नीट पाडायचं काम कार्यालयातल्या शैलजाबाईंकडे आलं होतं. त्यात संकष्टीचा उपवास. सातव्यांदा यादी करून बाई अगदी शिणल्या होत्या.

अधिष्ठाता रणपिसे सरांनी तीही यादी परत सरकवली. "नर्सिंग, औषधनिर्माण आणि रक्ततपासणी एका गटात? अहो बाई, तीन वेगळ्या विद्याशाखा आहेत त्या! गट शाखेप्रमाणेच पडतील."

"सर, काल एका मुलीचा फोन आला होता. दोन एसट्या बदलून येणार आहे. म्हणाली, मला दवाखान्यात काम करायचंय, कुठं नाव घालू? शाखेप्रमाणे गेलं तर तिन्हींतलं एकच बघून परत जाईल बिचारी."

"शिस्त म्हणजे शिस्त!" म्हणत सरांनी डबा उघडला. त्यांचीही संकष्टी होती. आत साबुदाण्याची खिचडी होती.

बाईंनी थकल्या आवाजात विचारलं, "सर, साबुदाणा कंदाचा, दाणे शेंगेतले, तूप गाईचं. इतक्या वेगळ्या शाखा एका डब्यात कशा?"

"अहो, उपवासाला चालतं ते सगळं एकत्र!"

"म्हणजे कुठं पिकलं ते न बघता, खाणाऱ्याला काय हवं ते बघून. मीही तेवढंच केलंय, सर."

सरांनी खिचडीकडे पाहिलं, मग यादीकडे. "घरी बायको, इथं तुम्ही," असं पुटपुटत त्यांनी सही ठोकली.

बाईंनी मनातल्या मनात गणरायाला हात जोडले आणि कालच्या मुलीला फोन लावला. "बाळ, दवाखान्याच्या गटात घाल नाव. तिन्ही बघायला मिळतील."