पैलवानाच्या सात मुठी

कैऱ्या अमाप आणि भांडणं बेताची, अशा एका गावात एक सुगरण राहत होती. तिथल्या चावडीच्या भिंतीवर लोणच्याची कृती गेरूनं लिहिलेली होती. ती कुणा एकाची नव्हती. कुणी तिच्यात मेथी घातली होती, कुणी हिंग वाढवला होता, आणि आसपासच्या बारा गावांतली माणसं येऊन ती उतरवून नेत. दुरुस्ती कुणीही सुचवावी, पण गेरूचा कुंचला मात्र सुगरणीच्या हाती. कुणी काही नवं सुचवलं की ती आधी घरी लहान बरणी घालायची, पंधरा दिवसांनी चाखायची, मगच भिंतीला हात लावायची.

एका उन्हाळ्यात गावचा पैलवान वाटीभर लोणचं घेऊन आला.

"मावशी, भिंतीवर लिहिलंय, पंचवीस कैऱ्यांना शेरभर मीठ. शेराचं माप किती घरांत असतं? मूठ मात्र देवानं सगळ्यांना दिलीय. मी सात मुठी मीठ घातलं. चाखून तर बघा!"

सुगरणीनं चाखलं. लोणचं फक्कड झालं होतं. घरात भाचीच्या लग्नाची धांदल, दारात पाहुणे. "चव तर जिभेवरच आहे, आता वेगळी बरणी कशाला?" असं म्हणत तिनं 'शेरभर' पुसलं आणि 'सात मुठी' लिहून टाकलं.

महिन्याभरात बारा गावांतल्या बरण्यांवर पांढरी बुरशी चढली.

भिंतीचा संशय कुणाला येणार? कुणी कैऱ्यांना बोल लावला, कुणी हवेला. सासवांना तर आयतंच निमित्त मिळालं. सुगरणीच्या शेजारची सासू कडाडली, "ओला हात घातलास ना बरणीत? वर्षाचं लोणचं घालवलंस!"

"नाही हो आत्याबाई, हात पुसूनच घातला होता," सून रडत म्हणाली.

सुगरणीला राहवलं नाही. ती शेजारी गेली. "लेकी, मीठ कसं मोजलंस ते दाखव बघू."

सुनेनं मूठ दाखवली. लिंबाएवढी! सुगरणीच्या डोळ्यांपुढे पैलवानाची बेलफळाएवढी मूठ आली. त्याच्या सात मुठींत शेर भरत होता, हिच्या सात मुठींत अर्धा शेरही भरला नसता.

आता काय करावं? गुपचूप जाऊन 'शेरभर' लिहिलं असतं तर कुणाला पत्ताही लागला नसता. सुगरणीचं नाव राहिलं असतं. पण त्या पोरीचे डोळे अजून वाहत होते, आणि बारा गावांत अशा किती जणी असतील कोण जाणे.

सुगरणीनं बारा गावांत दवंडी पिटवली. सगळे चावडीपुढे जमले, तेव्हा ती म्हणाली, "लोणचं ओल्या हातानं नासलं नाही. करून न बघता मी भिंतीवर लिहिलं, म्हणून नासलं. सुनांना बोलू नका, मला बोला!"

"पण मावशी, माझ्या घरी तर झकास झालं होतं!" पैलवान गोंधळून म्हणाला.

"तुझ्या घरी होणारच रे बाबा! पण बारा गावांनी तुझी मूठ कुठून आणायची?"

सगळे खो खो हसले. पैलवानही डोकं खाजवत हसला, आणि उशिरा फळणाऱ्या झाडांवरच्या उरल्यासुरल्या कैऱ्या स्वतः उतरवून घरोघर पोचवायचं त्यानं कबूल केलं.

सुगरणीनं भिंतीवर 'शेरभर' लिहिलं आणि कुंचला खाली ठेवला. "आता हा दुसऱ्या कुणी शहाण्यानं धरावा."

तेवढ्यात शेजारची सासू पुढे आली. तिनं कुंचला उचलून पुन्हा सुगरणीच्या हातात दिला.

"चूक झाकणारी कुणीही मिळेल हो, सांगणारी कुठे शोधायची? मात्र यापुढे एक करा. दुरुस्ती ज्याची, त्याच्या हातची चव धरायची नाही. दुसऱ्या कुणीतरी बरणी घालून बघायची. आमची सून घालेल."

एवढं बोलून ती सुनेकडे वळली आणि सगळ्यांच्या देखत म्हणाली, "पोरी, माझं चुकलं."

सासूनं सुनेची माफी मागितल्याचं त्या बारा गावांत कुणी आधी ऐकलं नव्हतं. लोणच्यापेक्षा त्याचीच चर्चा वर्षभर पुरली.

तात्पर्य: सगळ्यांच्या वस्तूत बदल कुणीही सुचवावा, पण राखणाऱ्यानं तो दुसऱ्याच्या हातानं पारखूनच घ्यावा, आणि चुकलंच, तर आपण होऊन आधी सांगावं.