थोरल्या महाराजांचं पान

"...आणि असल्या माणसाला शिक्षा काय करायची, बुवा?"

मठाच्या ओसरीवर शार्दूल तावातावानं विचारत होता. थोरल्या महाराजांची वचनं सगळ्या शिष्यांनी मिळून लिहावीत, म्हणून त्यानं वेबसाइट बनवली होती. कुणीही यावं, आठवेल ते लिहावं. पोरगा हुशार. आपण हुशार आहोत, हेही त्याला चांगलंच ठाऊक.

सिद्रामबुवा ऐकत होते. त्यांची नजर तरुणपणीच गेलेली. महाराजांच्या पायाशी बसलेल्यांपैकी आता ते एकटेच उरले होते.

"केलं काय त्यानं?"

"पान पुसतो. महाराजांचं पान! मी परत आणतो, हा पठ्ठ्या परत पुसतो. आणि टोपणनाव काय घेतलंय, तर 'पायधूळ'! शेवटी दिला हाकलून."

"हं..."

बुवांनी बंडीच्या खिशातून मोबाइल काढला. शार्दूल बघतच राहिला.

"तुम्ही मोबाइल वापरता?"

"पडद्यावरचं हा वाचून दाखवतो. मी बोललेलं लिहूनही घेतो. यावर तुझ्या नावानं महाराजांचं पान उघड. डोळे मीट. एक वचन घाल, आणि साठव."

शार्दूलला गंमत वाटली. डोळे मिटून त्यानं एक वचन सांगितलं. मग पडद्यावर बोट फिरवू लागला.

"बटण," मोबाइल म्हणाला.

बोट पुढे सरकलं.

"बटण."

"अरे, पण कसलं?" शार्दूल वैतागला. तिथे दोन सुबक चित्रं त्यानंच बसवली होती. त्यांना नावं द्यावीत, असं त्याला कधी वाटलंच नव्हतं.

"दाब एखादं," बुवा म्हणाले.

त्यानं दाबलं. डोळे उघडले.

पान कोरं होतं.

साठवायच्याऐवजी त्यानं पुसायचं बटण दाबलं होतं.

"बुवा... पायधूळ म्हणजे... तुम्ही?"

बुवांनी होकारार्थी मान हलवली.

"जुनं पान मी परत आणलंय. पण तुम्ही सांगितलेलं... ते साठवलंच गेलं नाही. ते कुठेच नाही, बुवा! काय होतं त्यात?"

"महाराजांचं अखेरच्या दिवसांतलं बोलणं. फार ताण देऊन आठवलं होतं... आता नाही सगळं आठवत."

शार्दूल बुवांच्या पायाशी बसला.

"म्हणजे पान पुसणारे... तुम्ही होतात..."

बुवांनी चाचपडत त्याचं डोकं शोधलं. त्यावर हात ठेवला.

"आत्ता तर तू होतास."