राक्षसाची वेगळी पिशवी

बाहुल्यांचे खेळ बैलगाडीने गावोगाव जायचे, त्या काळची ही गोष्ट. राक्षस इतर बाहुल्यांशी भांडतो, अशी समजूत होती. म्हणून बाहुल्या नाचवणारे विश्रामबाबा त्याला वेगळ्या पिशवीत ठेवत. एकदा घाईत त्यांनी सगळ्यांना एकाच पेटीत भरलं.

"अगं बाई, हा दुष्ट माझ्याच शेजारी!" राजकन्या किंचाळली.

"दुष्टपणा बाबांची बोटं करतात गं," राक्षस म्हणाला.

"आता दोऱ्या सैल आहेत. आता काय करशील?" विदूषकाने विचारलं.

"कोण जाणे! पिशवीत मी एकटाच असतो. तिथे वाईट वागणार तरी कुणाशी?"

इतक्यात गाडीला हिसके बसू लागले. राक्षसाच्या हाताला ठोकलेली तलवार राजकन्येच्या रंगवलेल्या डोळ्यापर्यंत सरकली. राक्षसाने सगळा जोर लावून हात वळवला आणि तलवारीचं टोक स्वतःच्या पोटाकडे घेतलं.

बाबांनी पेटी उघडली, तेव्हा राक्षसाच्या पोटातून भुसा सांडत होता. "भांडलाच शेवटी!" म्हणत त्यांनी ते शिवलं.

संध्याकाळी खेळात राक्षस राजकन्येवर धावून आला. ती घाबरून पळावी म्हणून बाबांनी तिची दोरी ओढली, पुन्हा ओढली. राजकन्या जागची हलली नाही.