पाटातला गाळ

बऱ्याच वर्षांपूर्वी, पाटाच्या पाण्यावर पिकणाऱ्या एका गावात एक वृद्ध गुरुजी होते. हात थरथरू लागले तेव्हा त्यांनी गावची शाळा आपल्या शिष्याच्या स्वाधीन केली. शाळा गावाच्या धान्यावर चाले. सुगीनंतर घराघरांतून धान्य येई आणि त्यावर शिकवणाऱ्याचे पोट, मुलांच्या पाट्या, छपराची डागडुजी, सारे भागे.

शिष्य तरुण होता, सरळ होता. पहिल्याच वर्षी त्याने दवंडी पिटवली, "लहानथोर कोणी नाही. प्रत्येक घराने ज्वारीचे एक पोते द्यावे." गावच्या व्यापाऱ्याने त्याची पाठ थोपटली. "न्याय असावा तर असा," तो म्हणाला. शिष्याला फार बरे वाटले.

पण पुढे शाळेतल्या जागा रिकाम्या होऊ लागल्या. चटया विणणाऱ्याची ठकू यायची थांबली. शिष्य तिच्या घरी गेला. तिचा बाप नजर चुकवत म्हणाला, "पोतं काही जमलं नाही. फुकट कसं बसवू पोरीला?" ठकूने आपली पाटी स्वच्छ पुसून कोनाड्यात उभी करून ठेवली होती. ती पाटी पाहून शिष्य तसाच माघारी फिरला.

त्याने सारे गुरुजींना सांगितले. ते एवढेच म्हणाले, "उद्या पाट उपसायचा आहे. ये."

पाणी सोडण्याआधी दरवर्षी सारे गाव पाटातला गाळ काढी. ज्याचा मळा मोठा, त्याच्या वाट्याला पाटाचा लांब तुकडा. वाटे गुरुजींच्या काठीने मोजून पडत. त्या वर्षी मात्र त्यांनी सगळ्यांना सारखेच तुकडे आखून दिले. लोक एकमेकांकडे पाहू लागले.

मेथीचे दोन वाफे असलेली एक म्हातारी हसली. "गुरुजी, एवढा गाळ काढायला मला आणखी एक जन्म लागेल."

"होईल तेवढा काढा, बाई."

गावात सर्वांत मोठा मळा व्यापाऱ्याचा. त्याचे गडी लवकरच मोकळे होऊन बाभळीखाली पान खात बसले. शिष्य म्हातारीच्या मदतीला निघाला, तर गुरुजींनी त्याचा हात धरला. "आज नको."

उन्हे कलल्यावर पाणी सोडले. व्यापाऱ्याच्या तुकड्यातून ते झुळझुळत गेले, पुढे म्हातारीच्या गाळाला अडले, मागे फुगले आणि काठावरून थेट व्यापाऱ्याच्या लसणात शिरले. तो धोतर सावरत धावत आला.

"अहो, माझा तुकडा लख्ख केलाय मी. चूक या म्हातारीची."

"तिची नाही. काठी माझी होती," गुरुजी शांतपणे म्हणाले. "हात तुमच्याकडे जास्त, पाणीही तुम्हालाच जास्त. म्हणून तुम्ही जास्त उपसत होता. ते तिच्यावर उपकार नव्हते, शेटजी. पाट एकच आहे." मग ते शिष्याकडे वळले. "शाळाही तशीच, बाळा. सर्वांना सारखे मागितलेस, पण ओझे सारखे झाले नाही. शेवटच्या घराचे लेकरू अडले की गावाचे शहाणपण तिथेच तुंबते."

शिष्याची मान खाली गेली. व्यापारी लसणाकडे पाहून गड्यांना म्हणाला, "उठा रे. म्हातारीचा गाळ काढा."

"आणि बुडालेला लसूण टाकू नका, शेटजी," म्हातारी म्हणाली. "माझ्या मेथीच्या भाजीला चालेल."

व्यापाऱ्यालाही हसू आले.

पुढच्या सुगीला ज्याचा जेवढा मळा, जेवढा व्यापार, तेवढे धान्य शाळेत आले. ठकूच्या बापाने एक चटई आणली, नवी, हिरव्या काठाची.

शिष्य आता स्वतः म्हातारा झाला आहे. तो पाट बुजला, गुरुजीही गेले. पण कुठे ओल्या गाळाचा वास आला की त्याला ठकू शाळेत परतली ती सकाळ आठवते. शाळेचे दार उघडे आहे, आणि बापाने विणलेल्या चटईवर ठकू बसली आहे. शेजारी दाटीने आणखी पोरे, आणि तरीही ती कोणाला तरी जागा करून देते आहे.