अंगाईतली सखू

अनुसयाबाई घोंगडे यांनी आपल्या आईची अंगाई मोबाईलवर गायली आणि तो व्हिडिओ लाखो लोकांनी पाहिला. मग एका बड्या संगीत कंपनीनं तीच अंगाई नामांकित गायिकेकडून गाऊन घेतली आणि वर बाईंवरच चोरीचा दावा ठोकला.

कोर्टात कंपनीचे वकील कडाडले, "यातला शब्द न् शब्द आमच्या कवीनं लिहिलाय!"

बाई हळूच म्हणाल्या, "मग साहेब, मधेच 'सर गं सखू, सर मागं' असं येतं, ती सखू कोण?"

"कोण म्हणजे? पाळण्यातली बाळी!"

"तान्ह्या बाळीला मागं सर म्हणून कोण सांगतं, साहेब? सखू आमची शेळी. धाकट्या भावाच्या पाळण्यात तोंड घालायची, म्हणून आई गाता गाता तिला दटावायची. मला वाटलं, तेही गाण्यातलंच. तसंच पाठ झालं. तुमच्या कवीकडंही शेळी होती का?"

सगळं कोर्ट हसलं. वकील कागद चाळत बसले. न्यायाधीशांनी दावा फेटाळला आणि सहज विचारलं, "पण बाई, दटावणंसुद्धा इतकं गोड?"

बाई म्हणाल्या, "आईला दूध नव्हतं, साहेब. आम्ही भावंडं सखूच्याच दुधावर वाढलो. तिच्यावर आईचा आवाज चढायचाच नाही."